पैसे परत मिळाले, खेळ कुठे गेला?

‘कॉनकॉर्ड’ हा व्हिडिओ गेम वाईट होता, असं सगळे म्हणतात. मला ते स्वतः तपासून बघायचं होतं. एखादी कादंबरी फसली आहे असं दहा समीक्षकांनी लिहिलं, तरी अकराव्या वाचकाला ती ग्रंथालयातून आणता येते, पन्नासेक पानं वाचून ‘खरंच की’ किंवा ‘एवढी काही वाईट नाही’ असं स्वतःपुरतं ठरवता येतं. पडलेला सिनेमा तर रात्री उशिरा कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर लागतोच. ‘कॉनकॉर्ड’च्या बाबतीत ही सोय नाही. २३ ऑगस्ट २०२४ रोजी तो प्लेस्टेशन ५ आणि कॉम्प्युटरसाठी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. मोजून १४ दिवस. आपल्याकडे घरात कोणी गेलं तर तेरावं उरकून माणसं कामाला लागतात, तेवढ्या काळात हा खेळ जन्माला येऊन संपलासुद्धा.

‘बंद झाला’ म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. गेम न खेळणाऱ्याला वाटेल की दुकानातून काढून घेतला असेल, ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो असणारच. तसं नाही. हा खेळ प्रत्येकी ५ जणांच्या २ संघांनी, तोही फक्त ऑनलाइन खेळायचा. चित्रं, आवाज, नकाशे, पात्रं हे सगळं तुमच्या घरातल्या यंत्रात असतं. पण कोण कोणाशी भिडणार, कोणाची गोळी कोणाला लागली, कोण जिंकलं, याचा निवाडा कंपनीच्या सर्व्हरवर होतो. पट आणि सोंगट्या तुमच्या घरी, फासे कंपनीच्या मुठीत. मूठ मिटली की घरातला पट मांडताच येत नाही. ‘कॉनकॉर्ड’ची डिस्कसुद्धा विकायला होती. एखादी कोणाच्या कपाटात अजून असेल. ती यंत्रात घातली तर खेळ दारापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

खेळाचं विश्व विज्ञानकथेतलं होतं. एक आकाशगंगा, तीत मिळेल ती जोखमीची कामं घेणारे ‘फ्रीगनर’ नावाचे भाडोत्री बंदूकबाज, ‘नॉर्थस्टार’ हे त्यांचं यान, सुरुवातीला १६ पात्रं, आणि ताऱ्यांचा एक नकाशा ज्यात ठिकठिकाणी त्या विश्वाच्या गोष्टी पेरलेल्या. दर आठवड्याला एक छोटा प्रसंग दाखवून कथा पुढे न्यायची असा बेत होता. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू इथे असलेल्या फायरवॉक स्टुडिओने तो बनवला. हा स्टुडिओ सोनीने एप्रिल २०२३ मध्ये विकत घेतला होता. किंमत ४० डॉलर ठेवली, आणि याच जातीचे नावाजलेले खेळ तोवर फुकट मिळत होते. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा ६९७ च्या वर कधी गेलाच नाही. ३ सप्टेंबरला कंपनीने खेळ मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर संपता संपता स्टुडिओही बंद केल्याचं सांगून टाकलं. डिसेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनवर ‘सीक्रेट लेव्हल’ नावाची मालिका आली. तिचा प्रत्येक भाग एकेका खेळावर बेतलेला, आणि त्यातला एक ‘कॉनकॉर्ड’वर. लग्न मोडलं, पण छापलेल्या पत्रिका वाटल्या गेल्या. ती पात्रं आजही त्या भागात बघता येतात. ज्या खेळाची ती होती, तो मात्र नाही.

आता मुद्द्याकडे येतो. सोनीने ज्यांनी ज्यांनी हा खेळ घेतला त्यांचे पैसे परत केले. याबद्दल कंपनीला नावं ठेवायला जागा नाही. इतरांच्या वागण्याशी तुलना केली तर हे सचोटीचंच वागणं म्हणायला हवं. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीने २०१४ सालचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. तो एकट्याने खेळता आला असता तरीही संपवला, आणि पुढे लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने, विकलेले खेळ कंपन्यांनी असे कायमचे बंद पाडू नयेत म्हणून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघाकडे नागरिकांचा प्रस्ताव न्यायचा तर १० लाख सह्या लागतात. मोहिमेने ती संख्या जुलै २०२५ मध्ये ओलांडली. त्याआधी कॅलिफोर्नियाने कायदा केला की ग्राहकाला नुसता परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ असं लिहू नका.

या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. पण ही सगळी भाषा गिऱ्हाइकाच्या हक्काची आहे, आणि ‘कॉनकॉर्ड’ नेमका त्या भाषेच्या बोटांतून निसटतो. ज्याने ४० डॉलर मोजले त्याला ४० डॉलर परत मिळाले. फसवणूक नाही, तक्रार नाही. ग्राहक न्यायालयात गेलात तर न्यायाधीश विचारतील की तुमचं नुकसान काय झालं? उत्तर देता येणार नाही. तरीही काहीतरी गेलं आहे, हे आपल्याला कळतं. ते कोणाचं गेलं, हे ज्यांना सांगता येत नाही ते मग ‘वाईटच होता, बरं झालं’ म्हणून मोकळे होतात.

मला वाटतं, मिटला तो गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला हिशेब. प्रसिद्ध झालेल्या कृतीचा समाजाशीही एक हिशेब असतो, आणि तो पैसे परत करून मिटत नाही. कॉपीराइट ही मुळात देवघेव आहे. समाज म्हणतो, तुझ्या कृतीची नक्कल इतकी वर्षं दुसऱ्या कोणाला करू देणार नाही, पोलीस-कोर्टकचेऱ्या तुझ्या बाजूने उभ्या करीन. बदल्यात मुदत संपली की ती कृती सगळ्यांची. अमेरिकेत कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीला सहसा प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळतं. म्हणजे १४ दिवस जगलेल्या ‘कॉनकॉर्ड’वरचा कॉपीराइट २११९ साल संपेपर्यंत जगणार आहे. आणि १ जानेवारी २१२० रोजी जेव्हा तो सर्वांचा होईल, तेव्हा सर्वांच्या हाती नेमकं काय पडेल? ज्याला फासेच नाहीत अशा पटाचे काही तुकडे. समाजाने आपली बाजू ९५ वर्षं पाळायची आणि समोरच्याने शेवटी रिकामी पेटी सोपवायची, याला देवघेव म्हणत नाहीत.

हे कोरडं तत्त्व वाटू नये म्हणून सांगतो की गोष्ट आजच बोचते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये काही हौशी तंत्रज्ञांनी ‘कॉनकॉर्ड’च्या उरलेल्या भागाचा अभ्यास करून स्वतःचा सर्व्हर उभा केला आणि खेळ पुन्हा चालवून दाखवला. त्याची चलचित्रं टाकली, तर सोनीच्या वतीने नोटिसा आल्या आणि ती काढली गेली. विकायचा नाही, चालवायचा नाही, चालवू द्यायचा नाही, आणि कोणी चालवला तर दाखवूही द्यायचा नाही. कायद्याने कंपनी चूक नाही. म्हणूनच प्रश्न कंपनीच्या स्वभावाचा नाही, कायद्याचा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो कुचेष्टेचा. जो खेळ कोणी खेळलाच नाही, तो जपून काय करायचं? या कुचेष्टेत पुण्यात राहणाऱ्या माणसाने तरी सामील होऊ नये. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ मध्ये सुरू झालं, आणि ते उभं करणारे पी. के. नायर यांची ख्याती अशी की चांगलं-वाईट असा निवाडा न करता हाती येईल ते जमवायचं. कारण आज जे फुटकळ वाटतं त्यातून उद्या कोण काय वाचेल, हे आज ठरवता येत नाही. तरी ते सुरू होईपर्यंत फार उशीर झाला होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, आज आपल्याकडे नाही. छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत, फिल्म नाही. आणि तो काही पडलेला सिनेमा नव्हता, तुफान चालला होता. म्हणजे गाजलेलं आपोआप टिकतं हीसुद्धा समजूतच. त्या काळी जुनी फिल्म म्हणजे जागा अडवणारी, चटकन पेट घेणारी अडगळ. काही ठिकाणी ती त्यातल्या चांदीसाठी उकळलीही गेली. ज्याच्या हातात ती होती त्याला तिची भंगारातली किंमत तेवढी कळत होती. त्यात त्याचा दोष नाही, कारण बाकीची किंमत कळणं हे त्याचं कामच नव्हतं.

फसलेल्या खेळाचं मोल तर मी जास्तच मानतो. मोठं भांडवल, कसलेले लोक, कित्येक वर्षांची मेहनत, आणि तरी लोकांनी पाठ फिरवली. का? पात्रांचे कपडे आवडले नाहीत म्हणून, ४० डॉलरमुळे, उशीर झाला म्हणून, की खेळच संथ होता म्हणून? जे थोडे लोक तो खेळले त्यांच्यातल्या काहींनी बंदुकांच्या हाताळणीची तारीफ केली होती. ती खरी की खोटी? गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलीला हे पुढे कुठे तपासता येणार? तिला दुसऱ्यांनी टाकलेल्या चित्रफिती बघाव्या लागतील. स्वयंपाक शिकायला निघालेल्या माणसाला पदार्थाचे फोटो दाखवण्यापैकीच हे.

दुसरा आक्षेप उद्योगाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. व्हिडिओ गेम्स युरोप या संघटनेने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ला उत्तर देताना म्हटलं की लोकांनी स्वतः सर्व्हर चालवणं दर वेळी शक्य नसतं. कंपनी खेळाडूंच्या माहितीची जी काळजी घेते, शिवीगाळ आणि बेकायदा मजकूर रोखते, ते तिथे राहणार नाही. शिवाय शेवटापर्यंतची सोय आधीपासून करायला लावली तर खेळ बनवणं फार महाग पडेल. यात तथ्य आहे. सर्व्हरचा प्रोग्राम म्हणजे एक फाइल नसते. त्यात दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले भाग असतात, भाड्याच्या क्लाउडवर पसरलेल्या दहा सेवा असतात. ते उचलून कोणाच्या हातात देता येत नाही. पण मुळीच जमत नाही असंही नाही. ‘नॉकआउट सिटी’ हा खेळ जून २०२३ मध्ये बंद करताना वेलान स्टुडिओजने लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट देऊन टाकली. आणि ज्या युबिसॉफ्टने ‘द क्रू’ गाडला, तिलाच आरडाओरड झाल्यावर ‘द क्रू २’ ऑफलाइन चालवण्याची सोय करता आली.

तरीही उद्योगाचं म्हणणं बाजूला न सारता मी माझी मागणी ‘स्टॉप किलिंग गेम्स’वाल्यांपेक्षा लहान ठेवतो. खेळ चालू ठेवा असं मी म्हणत नाही. लोकांना खेळू द्या असंही आज म्हणत नाही. मी म्हणतो, प्रसिद्ध केलेला खेळ सर्व्हरसकट, तो उभा कसा करायचा याच्या टिपणांसकट, एका सार्वजनिक संस्थेत जमा करा. बाहेरून घेतलेले भाग देता येत नसतील तर त्या जागी काय होतं ते लिहून द्या. पेटीला कुलूप लावा. कंपनी तो खेळ विकते आहे तोवर ते उघडू नये, अभ्यासकाने बसल्या जागी बघावं, घरी नेऊ नये, अशा अटी घाला. गिऱ्हाइकाच्या हक्कातून खेळ ‘चालू ठेवा’ अशी मागणी निघते आणि ती महाग आहे. समाजाच्या हक्कातून ‘जमा करा’ अशी निघते आणि ती स्वस्त आहे. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे उद्योगाला पहिलीच्या खर्चाकडे बोट दाखवून दुसरीलाही नाही म्हणता येतं.

एक आक्षेप माझा स्वतःचाच आहे आणि त्याने मला बराच वेळ अडवलं. असा खेळ म्हणजे वस्तू नसते, ती जत्रा असते. माणसं आली तर खेळ. ओस मैदानात १० जणांसाठी मांडलेला डाव जपला म्हणजे नक्की काय जपलं? ‘सिटी ऑफ हिरोज’चं उदाहरण वाचून मी थोडा सैल झालो. तो खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केला गेला. २०१९ मध्ये उघड झालं की काही लोक तो इतकी वर्षं गुपचूप चालवत होते. मग हजारो जुने खेळाडू परतले, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने चाहत्यांच्या एका सर्व्हरला रीतसर परवाना दिला. जत्रा माणसांनी भरते हे खरंच. पण पुन्हा भरायची तर मैदानावर इमारत उठलेली नसावी लागते.

इथे एक रेघ मात्र ओढायला हवी. जे खेळ प्रसिद्धच झाले नाहीत, त्यांच्यावर समाजाचा असा हक्क मी मानत नाही. ब्लिझर्ड कंपनीने ‘टायटन’ नावाचा एक प्रचंड ऑनलाइन खेळ ७ वर्षं रेटला आणि २०१४ मध्ये रद्द केल्याचं सांगितलं. त्याच्या अवशेषांतून २०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ आला. ‘स्टारगेट’ या विज्ञानकथा मालिकेच्या विश्वावरचा ‘स्टारगेट वर्ल्ड्स’ तर कर्मचाऱ्यांचे पगार थकून, २०१० मध्ये कंपनीच दिवाळखोरीत जाऊन संपला. कधी आलाच नाही. लेखकाला आपलं बाड जाळायचा अधिकार असतो, तसा कंपनीलाही कच्चं काम टाकून द्यायचा असावा. नाहीतर धाडस करून काही करून बघायला कोणी धजणार नाही.

पण तिथे दुसरीच माणसं वाऱ्यावर सुटतात, आणि ती आपल्या शेजारची असू शकतात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंनी करायला घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये ती जाहीर झाली, ट्रेलरवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या. २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये खेळच रद्द झाला. हा खेळ ऑनलाइनही नव्हता आणि विज्ञानकथेचाही नव्हता, पण प्रश्न तोच आहे. पुण्यात बसून दोन-तीन वर्षं ज्यांनी त्यातल्या भिंती, दिवे, हालचाली केल्या, त्यांनी पुढच्या मुलाखतीत काय दाखवायचं? खेळच नाही, म्हणून श्रेयनामावलीत नाव नाही. गोपनीयतेच्या करारामुळे कामाचे नमुनेही दाखवायची सोय नाही. सिनेमा डब्यात गेला तरी छायालेखक आपली चार दृश्यं निर्मात्याची परवानगी काढून दाखवतो. इथे आयुष्यातल्या काही वर्षांवर नुसता बोळा फिरतो. प्रकल्प रद्द झाल्यावर ठराविक मुदतीत कामगाराला स्वतःच्या कामाचे नमुने दाखवता येतील, एवढं कलम करारात सक्तीने असायला काय हरकत आहे? त्याला ना सर्व्हर लागतो, ना पैसा.

प्रसिद्ध झालेल्याकडे परत येतो. एखाद्या कवीला वयाच्या साठीत आपला पहिला संग्रह नकोसा होतो. तो रद्दीवाल्यांकडून प्रती गोळा करू शकतो, पुढची आवृत्ती थांबवू शकतो. पण प्रकाशित पुस्तकाची प्रत ठराविक ग्रंथालयांत जमा करायला लावणाऱ्या १९५४ च्या कायद्याने जी प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेली, तिला त्याला हात लावता येत नाही. प्रसिद्ध करणं हा उलट फिरता येईल असा रस्ता नाही, हे आपण पुस्तकांच्या बाबतीत कधीच मान्य केलं आहे. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने व्हिडिओ गेमही या नियमाखाली आणले. तिथेही डिस्क जमा झाली म्हणजे सर्व्हर जमा झाला असं नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये संग्रहालयांना एवढी सूट मिळाली की सर्व्हरचा प्रोग्राम रीतसर हाती आला असेल तर बंद पडलेला ऑनलाइन खेळ जपण्यासाठी त्याचं कुलूप तोडता येईल. पण प्रोग्राम त्यांना द्यायलाच हवा, असं बंधन कोणावर नाही. किल्ली मागायची मुभा, देण्याची सक्ती नाही. बाजारातून गेलेले खेळ अभ्यासकांना दुरून बघू द्यावेत ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली. ‘कॉनकॉर्ड’चा स्टुडिओ बंद झाला तोच महिना.

आपल्या १९५४ च्या कायद्यात गेमचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा ते नव्हतेच. उद्या कोणी दुरुस्ती करायला बसलं तर नुसता ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द घालून भागणार नाही, मुदतीचं कलमही बदलावं लागेल. प्रकाशकाने प्रत पाठवायची ती प्रसिद्धीपासून ३० दिवसांत, असं तो कायदा म्हणतो. ‘कॉनकॉर्ड’ला ते कलम लागू असतं, तर पार्सल बांधायची वेळ येण्याआधीच १६ दिवस तो संपलेला होता.